पांढऱ्या ओकपर्यंत १२६ पर्च

माझी ३४ वर्षं मोजणी खात्यात गेली. भूकरमापक म्हणून लागलो, कोरेगाव, पाटण, खटाव असं करत साताऱ्यात निवृत्त झालो. आता शाहूपुरीत घर आहे. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या चढापर्यंत जाऊन येतो. दुपारी वेळच वेळ.

श्रावणात लेकीचा फोन आला. "अण्णा, ह्याला एक जुना कागद मिळालाय. जमिनीचा आहे. चार वेळा वाचला तरी जमिनीचा आकार डोळ्यांपुढं येत नाही म्हणतो. तुम्हाला पाठवू?"

जावई अमेरिकन आहेत. तिकडं लोकांना पूर्वज हुडकायचा मोठा नाद. आपल्याकडं २०२३ साली कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांची जशी शोधाशोध सुरू झाली, तसं तिकडं बारमाही चालू असतं, तेही कुठल्या दाखल्याशिवाय. घराण्यातला पहिला माणूस आयर्लंडहून आला एवढंच यांना ऐकून माहीत. कधी आला, कुठं उतरला, पहिली जमीन कुठं केली, काही पत्ता नाही. घरचा विषय म्हणून त्याचं नाव इथं देत नाही. मी त्याला 'म्हातारा' म्हणतो. कागदातल्या वेळी तो तिशीचासुद्धा असेल, पण पणज्याच्या पणज्याला दुसरं काय म्हणायचं?

आमची ही म्हणाली, "त्या गोऱ्याच्या पणज्याची जमीन हुडका तुम्ही. आपल्या पोटहिश्श्याची मोजणी राहिलीय ती राहू द्या तशीच."

ते खरं आहे. त्याबद्दल पुढं.

जमिनीच्या कागदातच का शोधायचं, हे मला आधी कळेना. जहाजावरून उतरला तर जहाजाची यादी असेल की. तर नाही. पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून जर्मन लोकांच्या याद्या आहेत, कारण ते परके. उतरल्यावर इंग्लंडच्या राजाशी इमानाची शपथ घ्यायची, सही करायची. आयर्लंडचा माणूस मुळात राजाचीच प्रजा. त्याला कोण विचारतो? उतरला आणि चालू लागला. अमेरिकन सरकारच्या प्रवासी याद्या १८२० पासूनच्या. पहिली जनगणना १७९० ची, त्यातही फक्त घरच्या कर्त्या माणसाचं नाव, बाकी घर आकड्यांत. आणि पलीकडं आयर्लंडात उलटं शोधत जावं, तर १९२२ साली डब्लिनचा दफ्तरखाना यादवी युद्धात जळून गेला. शेकडो वर्षांचे कागद एका दिवसात राख. मग राहतं काय? जमीन. माणूस कुठंही गेला तरी जमिनीवर बसला की कागद झालाच.

तर तो कागद. मोबाइलवर आला, मी पोवई नाक्यावर जाऊन मोठ्या कागदावर छापून आणला. पेनसिल्व्हेनिया, लँकॅस्टर काउंटी म्हणजे जिल्हा, त्यातली डेरी टाउनशिप. जमिनीच्या उत्तरेला ओढा, आणि ओढ्याचं नाव वाचून मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. स्वतारा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतलं नाव आहे म्हणे, आपल्या साताऱ्याशी सुतराम संबंध नाही. पण त्या एका नावावर हीसुद्धा येऊन कागदात डोकावून गेली. (त्याच डेरीत आज हर्शे गाव आहे, चॉकलेटचं. जावई येताना ते आणतात, जाताना कंदी पेढे नेतात. सौदा आमच्या बाजूनं बरा आहे.)

वर्णन असं: काळ्या ओकपासून सुरुवात, तिथून उत्तरेकडून पूर्वेला ४० अंश वळून १२६ पर्च, पांढऱ्या ओकपर्यंत. तिथून पुढची रेघ हिकरीच्या झाडापर्यंत, मग ओढ्याच्या कडेनं वळणं घेत, असं करत परत काळ्या ओकशी. शेवटी क्षेत्र: २१८ एकर ६० पर्च.

पर्च म्हणजे काय हे लेकीनं शोधून सांगितलं. साडेसोळा फूट. मी म्हटलं, थांब जरा.

साडेसोळा दुणे तेहतीस. आपली साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. मुंबई इलाख्याची सगळी जुनी टिपणं त्याच साखळी-आण्यांत आहेत. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. त्यांच्याकडं १६० चौरस पर्चचा एकर. म्हणजे चार चौरस पर्च बरोबर एक गुंठा, एक इंच इकडं नाही की तिकडं. योगायोग कसला, दोन्ही मापं इंग्रजांच्याच एका घरची. पर्च जुनाच; एडमंड गंटरनं १६२० च्या सुमारास चार पर्चची, ६६ फुटांची साखळी काढली, तिची निम्मी आपल्याकडं आली. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं, नव्हतं. पण त्या दुपारी मी '१२६ पर्च'च्या पुढं पेन्सिलीनं '६३ साखळ्या' लिहिलं आणि '२१८ एकर ६० पर्च'च्या खाली '२१८ एकर १५ गुंठे', तेव्हा एकदम ती जमीन मला कळली. फलटणच्या माळावर उभं राहिल्यासारखी कळली.

क्षेत्रापुढं शेपूट होतं: शेकडा सहा सूट, रस्त्यांसाठी. आपला पोटखराबा, म्हणजे जमिनीतला न पिकणारा भाग, आठवला, पण हे वेगळं. पोटखराबा जमिनीत असतो तो दाखवायचा. ही सूट आधीच धरून द्यायची, पुढं रस्ता निघाला तर तक्रार नको. शहाणपणाचं आहे. आपल्याकडं ही सूट असती तर पाणंद रस्त्यांची निम्मी भांडणं झालीच नसती.

जमीन दिली कोणी, हेही मजेशीर आहे. आख्खा पेनसिल्व्हेनिया एका घराण्याची जहागीर. दुसऱ्या चार्ल्स राजावर विल्यम पेनच्या बापाचं १६,००० पौंड येणं होतं, त्याच्या पोटी १६८१ साली राजानं प्रांतच लिहून दिला. बदल्यात राजाला वर्षाला बीव्हरची दोन कातडी पोचवायची आणि सोनं-चांदी सापडली तर पाचवा हिस्सा. कातड्यांचं वाचून मी हसलो. मग आपल्याकडच्या सनदांमधली नजराण्याची कलमं आठवली आणि हसू आवरलं. पेन घराणं पुढं जमीन विकायचं. १७३२ पासून भाव शंभर एकराला १५ पौंड १० शिलिंग, वर सालाबादप्रमाणे एकरी अर्धा पेनी सारा. म्हाताऱ्याच्या २१८ एकरांचे झाले जवळपास ३४ पौंड, आणि सारा वर्षाला ९ शिलिंग १ पेनी.

म्हाताऱ्याकडं ३४ पौंड कुठले असणार? त्याच्या बहुतेक जातभाईंकडं नव्हतेच. ते आधी जाऊन झाडं तोडायचे, झोपडी उभी करायचे, मका पेरायचे, मग पैशाचं बघू. पेन घराण्याचा कारभारी जेम्स लोगन स्वतः आयर्लंडातल्या अल्स्टरचा, त्यानंच सुरुवातीला यांना सरहद्दीवर बसवलं. पुढं तोच कपाळ बडवायला लागला: दुसऱ्या पन्नास घरांपेक्षा आयर्लंडची पाच घरं जास्त ताप देतात. १७३० साली पेन घराण्याच्या कोनेस्टोगाच्या खास जहागिरीतच ही माणसं घुसून बसली. का, तर एवढी जमीन पडीक आणि एवढे ख्रिस्ती कसायला तयार, हे देवाच्या आणि निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे! शेवटी शेरीफनं झोपड्या जाळून त्यांना उठवलं. अतिक्रमणाचे इतके पंचनामे मी पाहिलेत. असा जबाब एकानंही दिला नव्हता.

जावयांना हे सांगितलं तर ते जरा हिरमुसले. ते दर मार्चला हिरवा शर्ट घालून आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत जायचे. आता कळलं की म्हातारा कॅथलिक नव्हे, प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतला. याचे आजे-पणजे स्कॉटलंडहून अल्स्टरात आणून वसवलेले, १६१० च्या सुमारास आयरिश सरदारांच्या जप्त केलेल्या जमिनींवर. तिथं तीन-चार पिढ्या खंड भरला, खंड वाढत गेला, मग उठले. शर्ट अजून आहे, लेक म्हणते.

आता मुख्य घोळ.

जावई सुरुवातीला डॉफिन काउंटीत शोधत होते, कारण आज डेरी तिथं आहे. तिथं म्हाताऱ्याच्या काळचं काही मिळेना. मी म्हटलं, जिल्हा कधीचा आहे ते बघा आधी. वाळवा, तासगाव, खानापूरचं जुनं काही हवं असेल तर माणूस सांगलीत जातो आणि हात हलवत परत येतो. १९४९ पर्यंत ते सगळं साताऱ्यात होतं. नंतर दक्षिण सातारा झाला, त्याचं सांगली नाव १९६० चं. तसंच निघालं. डॉफिन १७८५ साली लँकॅस्टरमधून फोडलेली. लँकॅस्टरच्या वॉरंट रजिस्टरात म्हातारा पहिल्या तासात सापडला.

हे रजिस्टर पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीतल्या, हॅरिसबर्गच्या दफ्तरखान्याचं, पण आता घरबसल्या बघता येतं. मला फार आवडलं. तिथं जमीन मिळायची पद्धत अशी: आधी अर्ज, मग वॉरंट म्हणजे अमुक इतकी जमीन मोजून द्या असा हुकूम, मग मोजणी, मोजणीचा अहवाल, आणि सगळे पैसे भरल्यावर पेटंट, म्हणजे कायमची सनद. रजिस्टरात एका ओळीत सगळं: वॉरंट कोणाला, तारीख, किती एकर, मोजणी भरली किती, आणि शेवटी पेटंट कोणाच्या नावे. म्हाताऱ्याचं वॉरंट ९ नोव्हेंबर १७४२ चं, अंदाजे २०० एकर. पेटंट भलत्याच माणसाला, बऱ्याच वर्षांनी. जावई पेटंटमध्ये नाव शोधत बसले होते, म्हणून वर्षभर हाती काही लागलं नाही. आपल्याकडं कोणी सातबारावर आजोबांचं नाव नाही म्हणून रडत आला, की मी फेरफार काढायला सांगायचो. नाव गेलं कुठं ते सातबारा सांगत नाही, फेरफार सांगतो.

त्या दुसऱ्या माणसाच्या पेटंटात सगळी साखळी लिहिलेली निघाली: म्हाताऱ्याला वॉरंट, त्यानं ती जमीन यास विकली, त्याच्याकडून त्यास. आणि विक्रीची तारीख १० फेब्रुवारी १७४२.

नोव्हेंबर १७४२ ला घेतली, फेब्रुवारी १७४२ ला विकली. घेण्याच्या नऊ महिने आधी विकली!

जावयांनी यावर तोडगा काढला होता. एकाच नावाचे दोघे, बाप आणि लेक. बापानं आपली जमीन विकली, त्याच साली पोरानं शेजारची घेतली. वंशावळीत बाप बसवून, त्याला अंदाजे जन्मसालही देऊन मोकळे झाले होते. आकृती तर एकच निघत होती, काळा ओक तोच, ओढा तोच. मी ती दोनदा काढली.

मी लेकीला विचारलं, "यांचा पाडवा कधी असतो?"

"अण्णा, एक जानेवारी की!"

"आत्ता नव्हे. तेव्हा."

ती हसली. तासाभरानं जावयांचाच फोन, आवाज चढलेला. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं. म्हणजे १७४२ चा नोव्हेंबर आधी आणि १७४२ चाच फेब्रुवारी नंतर, आपल्या हिशोबानं तो १७४३ चा. ज्यानं शके आणि सुहूर सन घातलेले कागद चाळलेत त्याला यात नवल नाही. एकाच शकात कार्तिक आधी येतो, माघ नंतर. जानेवारीनं वर्ष बदलतं ही सवय डोक्यात घट्ट बसली की मात्र म्हातारा घेण्याआधीच विकायला लागतो.

अशा रीतीनं मी जावयांचा एक पूर्वज कमी केला. त्यांनी मनावर घेतलं नाही. विहीणबाईंनी घेतलं, त्यांनी तोवर तो बाप फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

पण वॉरंट घेऊन तीन महिन्यांत विकायचं, एवढी घाई कसली? याचं उत्तर वॉरंटाच्या मजकुरातच होतं. व्याज आणि सारा १ मार्च १७३८ पासून धरावा. वाचणारा हे ओलांडून पुढं जातो. माझी नजर तिथंच अडकली. जमीन १७४२ ला मागितली, तर व्याज चार वर्षं आधीपासून का? कारण तो तिथं चार वर्षं बसलाच होता. झोपडी, शेत, सगळं करून. आपल्याकडं मालकी एकाची आणि पीकपाहणीत वहिवाट दुसऱ्याची असते ना, तसा हा पीकपाहणीचा रकाना समजा. विकायला निघाल्यावर म्हाताऱ्याला कळलं की कागदाशिवाय भाव येत नाही. वॉरंट काढलं, तीन महिन्यांत हात मोकळे केले आणि गाड्यांच्या वाटेनं दक्षिणेला गेला. त्याच नावाचा एकजण नंतर व्हर्जिनियात, ऑगस्टा काउंटीत सापडतो. तिथून खाली जावयांपर्यंतची साखळी त्यांच्याकडं आधीपासून आहे.

पण तोच कशावरून? नाव तर तिकडं ढिगानं. शिवाय कारकुनांनी त्याचे पाच अवतार केलेले: कुठं 'मॅक' पूर्ण, कुठं नुसता 'म', कुठं शेवटचं अक्षर गिळलेलं.

बायकोवरून. लँकॅस्टरच्या विक्रीखतावर नवऱ्याबरोबर तिचं नाव आहे, कारण विधवा झाल्यावर नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर तिचा हयातीपुरता हक्क. तिनं सोडल्याशिवाय घेणाऱ्याला धास्ती. ऑगस्टात पुढं एक तुकडा विकला, त्यावरही तेच नाव, आणि ते नाव त्या काळीही चारचौघींत असावं असं नव्हतं. दोन्हीकडं सही नाही, निशाणी. आपल्या जुन्या कागदावर कुणबी 'निशाणी नांगर' करायचा, तशी हिची एक वळणदार खूण, उलट्या काढलेल्या अक्षरासारखी. आपल्या हातात येते ती कचेरीच्या वहीतली नक्कल, कारकुनाच्या हातची. पण दोन्ही गावच्या कारकुनांनी तिची खूण जशीच्या तशी उतरवून घेतलेली. दोन कचेऱ्या, दोन हात, खूण एक. मी भिंग लावून बघितलं आणि फोन केला.

वॉरंटात ती नाही, मोजणीत नाही, सारा भरण्यात नाही. चार-पाच वर्षं तिनंही तिथं झाडं पाडली असणार, मका खुरपला असणार. आणि नाव आलं ते हक्क सोडताना. भाऊबीजेच्या आदल्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या दारात हक्कसोडपत्राला किती बहिणी रांगेत बघितल्या मी. माझी आईही एकदा होती. तिला सही येत होती.

आणखी एक. मोजणीच्या या सगळ्या कागदांत 'पूर्वीचा कब्जेदार' असा रकाना नाही. ज्यांच्या बोलीत तो ओढा स्वतारा झाला ते कुठं आहेत? पेन घराणं त्यांच्याशी करार करून जमीन विकत घ्यायचं, पण कधीकधी आधी माणसं बसवायची आणि करार मागून. सस्क्वेहाना नदीच्या पलीकडं बसायचे परवाने पेन घराण्याच्या वतीनं सॅम्युअल ब्लन्स्टननं १७३४ पासूनच द्यायला सुरुवात केली. त्या जमिनीचा करार झाला १७३६ ला. आणि १७६३ च्या डिसेंबरात याच भागातल्या, पॅक्स्टनकडच्या लोकांनी कोनेस्टोगा या मूळ रहिवाशांची उरलीसुरली वीस माणसं मारली. सहा त्यांच्या वस्तीवर, चौदा लँकॅस्टरात, जिथं त्यांना जपण्यासाठी ठेवलं होतं तिथंच. बायका-पोरांसकट. म्हातारा त्याआधी वीस वर्षं निघून गेला होता. जावयांनी तो हिशोब लगेच केला. मीही केला होता, त्यांच्या आधी. पाटणला असताना कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांचे कागद हाताळले आहेत मी. ती माणसं निदान कागदावर होती, भांडायला कागद दाखवत होती. इथं तेही नाही.

आकृती मी शेवटी तिसऱ्यांदा काढली, मोठ्या आलेख कागदावर. सगळ्या रेघा फिरवून काळ्या ओकशी परत आलो, तर तीन पर्चचं अंतर उरलं. एकोणपन्नास फूट सहा इंच. जंगलात, होकायंत्रावर, झाडांतून साखळी ओढत केलेली मोजणी. तीन पर्च म्हणजे काहीच नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनी उघड्या माळावर यापेक्षा जास्त चुकवलंय. होकायंत्राची सुईसुद्धा तेव्हाच्या उत्तरेला आणि आताच्या उत्तरेला एक नसते, म्हणून आकृती आजच्या नकाशावर ठेवताना ती थोडी फिरवावी लागते. फिरवली. ओढ्याचं वळण बसलं.

जावई ऑक्टोबरात जाऊन आले. ओक कुठले राहतात? एका बाजूनं हमरस्ता गेलाय, मधे गोदामं आहेत. ओढ्याचा कोपरा तेवढा मोकळा. तिथं उभं राहून त्यांनी फोटो पाठवला, पाणी गढूळ, काठाला पिवळी पानं. आयर्लंडातलं गाव अजून लागलेलं नाही. मी सांगितलंय, म्हाताऱ्याला सोडा, चतुःसीमेतले शेजारी धरा. लोक एकटे येत नाहीत, गावकीनं येतात, गावकीनंच शेजार करतात. पूर्वेच्या शेजाऱ्याचं मृत्युपत्र मिळालंय. अक्षर भयाण आहे, पण लागेल.

आणि आमचा पोटहिस्सा. चुलत भाऊ बांध कोरतो म्हणून मी बोलत नाही, मी मोजणीवाला म्हणून तो घाबरतो, अशी नऊ वर्षं गेली. गेल्या महिन्यात मी अर्ज भरला. काल नोटीस आली, १४ तारखेला मोजणी. ही म्हणाली, तिथं जाऊन पोरांना शिकवत बसू नका. नाही शिकवणार. टेप मात्र माझा मी घेऊन जाणार आहे.